ब्रिटिश पेपर उघड उघड बाजू घेतात, त्याने वाचक खरंच बदलतो का?

थेम्सकाठी:
नमस्कार मंडळी. रेडिंगला येऊन आठ महिने झाले. सकाळी स्टेशनवरच्या दुकानात पेपर मांडलेले असतात, ट्रेनला पाचेक मिनिटं असली की मी नुसते मथळे वाचत उभा राहतो. करवाढीची बातमी एकच, पण टेलिग्राफ वाचला की वाटतं मध्यमवर्ग आता बुडालाच, आणि शेजारचा मिरर वाचला की वाटतं श्रीमंतांकडून अजून घ्यायला हवे होते. आपल्याकडेही कुठला पेपर कोणाकडे झुकतो ते घरोघरी माहीत असतं, सामना तर ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्रच, पण इथे मोठमोठे पेपर निवडणुकीआधी अमक्याला मत द्या म्हणून सरळ छापतात. टीव्हीवर मात्र तसं दिसत नाही. तर प्रश्न असा की पेपर वाचकाला घडवतो, की वाचक आधीच तसा असतो म्हणून तो पेपर घेतो? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी सांगा प्लीज.

हॅरोवाले_काका:
टीव्हीचं आधी सांगतो. रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांनी निःपक्षपाती राहायचं हा नियमच आहे, ऑफकॉम ही सरकारमान्य नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. पेपरांना ते बंधन नाही, बातमी अचूक पाहिजे, बाजू खुशाल घ्या. म्हणून टेलिग्राफ हुजूर पक्षाचा, मिरर मजूर पक्षाचा, गार्डियन डावीकडचा, मेल उजवा हे इथे शाळकरी पोरही सांगेल. २०१७ च्या निवडणुकीनंतर यूगव्ह या मतचाचणी कंपनीने सर्व्हे केला होता, टेलिग्राफ वाचणाऱ्यांतल्या ७९ टक्क्यांनी हुजूर पक्षाला मत दिलेलं आणि गार्डियनवाल्यांतल्या ७३ टक्क्यांनी मजूर पक्षाला. पण आधी कोंबडी की आधी अंडं ते यातून कळत नाहीच.

मला विचाराल तर कोणाला मत द्या हे सांगणारा अग्रलेख किरकोळ. रोज पहिल्या पानावर काय येतं आणि कुठल्या शब्दांत येतं, ते मुरत जातं. ४ नोव्हेंबर २०१६ चा डेली मेल मला अजून डोळ्यापुढे दिसतो. ब्रेक्झिटची प्रक्रिया सुरू करायला पार्लमेंटची मंजुरी लागेल, एवढाच हायकोर्टाचा निकाल. पहिल्या पानावर तीन न्यायाधीशांचे फोटो आणि भल्यामोठ्या अक्षरांत 'जनतेचे शत्रू'. कायद्याचा मुद्दा काय ते वाचायच्या आधीच माणसाच्या मनात राग भरलेला. मला हे भयंकर वाटलं होतं आणि आजही वाटतं, न्यायाधीश काय उलट उत्तर छापायला जाणार आहेत थोडेच.

क्लाइडवरून:
काकांशी अर्धा सहमत. पेपर वाचकाच्या मागेही धावतो हो. २०१५ च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी द सनच्या लंडन आवृत्तीने हुजूर पक्षाच्या कॅमेरूनला पाठिंबा दिला आणि इथल्या स्कॉटिश आवृत्तीने निकोला स्टर्जन यांच्या एसएनपीला, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादी पक्षाला. मालक एकच! स्कॉटलंडमध्ये एसएनपीची लाट होती, उलटं छापलं असतं तर खप पडला असता. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतातही डेली मेल युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणत होता आणि त्याच घरचा मेल ऑन संडे राहा म्हणत होता.

आणि द सनचा इतिहास बघा. आधी तो डेली हेरल्ड होता, ज्यात टीयूसी या कामगार संघटनांच्या महासंघाची भागीदारी होती, १९३० च्या दशकात रोज २० लाख प्रती खपायच्या, मजूर पक्षाचा हक्काचा पेपर. १९६४ मध्ये नाव बदलून द सन झाला, १९६९ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकने घेतला, आणि दहा वर्षांत तोच पेपर हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंच्या मागे उभा! १९९२ ला हुजूर पक्ष जिंकल्यावर 'द सननेच जिंकून दिलं' असा मथळा टाकला, मग १९९७ ला मजूर पक्षाचे ब्लेअर, २००९ ला परत हुजूर पक्षाचे कॅमेरून, २०२४ ला मजूर पक्षाचे स्टार्मर. जिंकणारा दिसला की त्याच्या बाजूला. त्यामुळे सत्ता पेपर ठरवतो असं मी म्हणणार नाही.

मर्सीपार:
मी लिव्हरपूलला अकरा वर्षं काढली, त्यामुळे परिणाम होत नाही हे मला पटत नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या फुटबॉल मॅचला चेंगराचेंगरी झाली, एकूण ९७ जण गेले. चार दिवसांनी द सनने 'सत्य' असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या लोकांनी मेलेल्यांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. २०१२ च्या चौकशी अहवालाने ते पार उघडं पाडलं, तेव्हा कुठे पेपरने नीट माफी मागितली. पण शहराने त्या आठवड्यापासूनच पेपर घेणं बंद केलं होतं, आणि अजूनही कित्येक जण हात लावत नाहीत. माझ्या घराखालच्या दुकानात गल्ल्याशेजारी चिठ्ठी होती, 'द सन इथे मिळणार नाही'. दुकानवाल्या बाईंचा पुतण्या त्या मॅचला होता. वाचला, पण त्यावर त्या कधी बोलायच्या नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचं. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी नेमका हाच बहिष्कार अभ्यासलाय. मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या भागात, पेपर बंद झाल्यावर लोकांचा युरोपविरोध इतर तशाच भागांपेक्षा कमी झालेला दिसला. म्हणजे वाचक होते तेच, पेपर गेला आणि मत हललं. २०१६ ला लिव्हरपूल शहरात ५८ टक्के मतं युरोपात राहण्याच्या बाजूने पडली.

क्लाइडवरून:
हे मला माहीत नव्हतं. मग माझं म्हणणं थोडं सुधारतो, एका निवडणुकीपुरतं पेपर वाऱ्यामागे जातो, पण युरोपसारखा विषय वीस-तीस वर्षं रोज उगाळला की फरक पडतो.

केसरी_वाचक:
आपल्याशी जोडलेलं एक सांगतो. लंडनच्या टाइम्सच्या व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० मध्ये भारतातल्या असंतोषावर लेखमाला लिहिली, तिचं पुस्तक झालं, त्यात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवलं. टिळकांनी लंडनला जाऊन बदनामीचा खटला लढवला आणि १९१९ मध्ये हरले, खर्चही डोईजड झाला. तिकडच्या किती वाचकांना टिळक फक्त चिरोलच्या लेखणीतूनच कळले असतील! आपण तीच पदवी अभिमानाने मिरवतो हे वेगळं.

थेम्सकाठी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मर्सीपार ताई, त्या दुकानात अजूनही तो पेपर नसतो का?

मर्सीपार:
गेल्या वर्षी जाऊन आले, नसतो. बाई आता थकल्यात, मुलगी बसते गल्ल्यावर. चिठ्ठी पिवळी पडली म्हणून तिने नवीन लिहून लावलीय.