गणपतीत जमलेला सिकलसेल निधी: भावाच्या खात्यातून पाठवू का?

प्रेषक: खजिनदार, न्यू जर्सी

ताई, नमस्कार.

यंदा आपल्या मंडळाच्या गणपतीत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटसाठी वेगळी पेटी ठेवली होती. वाटलं होतं त्याहून बरंच जास्त जमलं. अडचण अशी की देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आता इथलं नागरिकत्व घेतलंय, आणि तुमच्या संस्थेकडे विदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी नाही. माझा भाऊ नागपूरला असतो. त्याच्या खात्यावर पैसे पाठवतो, तो तुम्हाला चेक देईल. पावती त्याच्या नावाने फाडा.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. वडशाकडच्या आपल्या एका सदस्याच्या कानावर आलंय की तुमच्या माणसाने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पेशंटकडून पैसे घेतले. यात किती तथ्य आहे? उद्या सभेत कुणी विचारायच्या आधी तुमच्याकडूनच कळावं, म्हणून विचारतो.

---

प्रेषक: संस्थेची सचिव, कुरखेडा तालुका

दादा, नमस्कार.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही ऐकलं ते खरं आहे.

मागच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असताना एका घरी गेले होते. मुलगी बारा वर्षांची, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार असलेली. आई जंगलातून नुकतीच परतली होती, पुडे बांधता बांधता बोलत होती. मी गोळ्या बघायला मागितल्या, तर तिने खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात हायड्रॉक्सियुरियाची, म्हणजे या आजारात रोज घ्यायच्या गोळ्यांची, अर्धी पट्टी, जिल्हा रुग्णालयाचा कागद आणि आमच्या कार्यकर्त्याच्या हातची एक चिठ्ठी. ती म्हणाली, "पाचशे देल्ले ना जी तुमच्या पोराले, कारडासाठी. अजून काहून नाही आलं?"

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. कार्डाच्या अर्जाला एक रुपयाही लागत नाही. हे गावोगाव सांगायला आम्ही ज्याला पाठवत होतो, त्यानेच पैसे घेतले होते.

त्या आठवड्यात त्याने भरलेले सगळे अर्ज काढले आणि घरोघर जाऊन विचारलं. अकरा घरांतून पैसे घेतले होते. अकराही घरी आम्ही स्वतः जाऊन ते परत केले, माफी मागितली, ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. विश्वस्तांच्या सभेच्या रजिस्टरात सगळं लिहिलं आहे. त्याला कामावरून काढलं.

पण अर्धंच सांगितलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. त्या मुलाचं पाच महिन्यांचं मानधन आम्ही थकवलं होतं. गाडीत पेट्रोल तो स्वतःच्या खिशातून टाकत होता. त्याने केलं ते चूकच, आणि त्या आईचे पाचशे रुपये म्हणजे पहाटे उठून जंगल तुडवल्याचे पैसे. तरी माणसाला पाच महिने बिनपगारी ठेवून पेशंटच्या घरात पाठवलं, ती चूक माझी. मी सचिव आहे.

मानधन का थकलं? कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी आम्हाला दोनदा मिळाला, दोन्ही वेळा शिबिरासाठी. बॅनर, तंबू, जेवण, किती जणांची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची पहिली चाचणी, झाली त्याचा आकडा आणि फोटो. टेस्ट हवीच. केंद्राच्या सिकलसेल मोहिमेतही २०२३ पासून तीन वर्षांत सात कोटी लोक तपासायचं ठरलं होतं. पण टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढे खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी, आणि ज्याचा एसएस निघेल त्याच्यामागे आयुष्यभराचं काम लागतं. रोवणीच्या दिवसांत पोरी बांधीतल्या गार पाण्यात वाकून उभ्या राहतात, दिवसभर पाणी पीत नाहीत आणि रात्री हाडं फुटल्यासारख्या तळमळतात. आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या तिला रोवणीला नेऊ नका" सांगणं, आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या की डॉक्टरसाहेबांच्या मागे लागणं, रक्ताच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवणं, सरकारी रक्तपेढीत "बदली रक्तदाता आणा" म्हटलं की या पेशंटला तशी अट नाही हे समजावणं. या कामाचा फोटो निघत नाही आणि यासाठी कुणी पैसेही देत नाही.

याच तंगीत एका शहरातल्या खासगी रुग्णालयाचा माणूस आला होता. तुमचे पेशंट आमच्याकडे पाठवा, दर पेशंटमागे संस्थेला देणगी देऊ, रीतसर पावतीने. वर्षभराचं सगळं मानधन त्यातून निघालं असतं. आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि एक विश्वस्त रागावून उठून गेले. मी नाही म्हटलं. रात्री दोनला बाप फोन करतो, "ताई, पोरीला कुठं नेऊ?" मी जे नाव घेते तिकडे तो गाडी वळवतो, प्रसंगी बैल विकून. त्या उत्तरामागे दर लागला तर ती कट प्रॅक्टिसच झाली, पावती असो वा नसो.

आता तुमच्या भावाच्या खात्याविषयी. दादा, हे नको. परकीय नागरिकाचा पैसा एका किंवा अनेक माणसांच्या हातून फिरून आला तरी तो विदेशी देणगीच धरला जातो, असं एफसीआरए कायद्याच्या व्याख्येतच आहे. म्हणजे तुमचा भाऊ अडचणीत, आम्हीही अडचणीत. कायदा बाजूला ठेवला तरी पावतीवर ज्याचं नाव, त्याने पैसे दिलेले नाहीत. अकरा घरांत माफी मागून आलेल्या संस्थेने अशी पावती फाडू नये.

आमची नोंदणी का नाही, तर तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेला दाखवावा लागतो. तेवढा आमचा झालेलाच नाही.

---

प्रेषक: डॉक्टरकाकू, टोरांटो

खजिनदारसाहेब आणि ताई,

मी चंद्रपूरची, आणि नोकरी सगळी रक्तविकारांत गेली. रुग्णालयाला नाही म्हटलंस ते फार बरं केलंस, बाळ. औषध कंपन्यांच्या बाबतीतही हेच धोरण आत्ताच लिहून ठेव, कारण उद्या तेही दार वाजवतील. व्हॉक्सेलोटोर हे सिकलसेलचं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतलं, फायद्यापेक्षा धोका जास्त दिसतोय म्हणून. अशा वेळी पेशंटला ताबडतोब आणि स्पष्ट सांगणारं कुणीतरी लागतं. त्या कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेची जीभ तिथे अडखळते. निदान पेशंटला तशी शंका येते, आणि तेवढ्यानेच विश्वास गेला.

हायड्रॉक्सियुरिया स्वस्त आहे, जुनं आहे, त्याची जाहिरात कुणी करणार नाही. ते रोज घेतलं जातंय ना, हे बघणारा माणूस टिकायला हवा. मंडळाने पैसे द्यायचे तर मानधनाला द्यावेत. शिबिराला पुष्कळ जण देतात.

आणखी एक. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. माझ्या बचतीतून, बँकेतून दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. माझ्यासारखे आणखी असतील. पासपोर्टची प्रत प्रत्येकाने सोबत जोडावी.

---

प्रेषक: खजिनदार, न्यू जर्सी

ताई, काकू,

पत्र दोनदा वाचलं. भावाला काल रात्रीच फोन करून नाही म्हणून कळवलं.

यादी तपासली. भारतीय पासपोर्टवाली नऊ कुटुंबं निघाली. त्यांना त्यांची रक्कम परत करतोय, ते आपापल्या खात्यातून थेट संस्थेला पाठवतील, दोन कार्यकर्त्यांच्या वर्षभराच्या मानधनासाठी असं स्पष्ट लिहून. बाकीच्यांचे पैसे पेटीत तसेच राहतील. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेला ते देता येतील, पण २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते तुमच्याकडे वळवू शकत नाही. त्यामुळे विदर्भात सिकलसेलवर स्वतः काम करणारी नोंदणीकृत संस्था कोणती, हे ताई, तुम्हीच सुचवा. देणाऱ्यांना विचारूनच पुढे जाऊ. ज्यांना परत हवेत त्यांनी रविवारपर्यंत कळवावं.

रजिस्टरातल्या त्या पानाची प्रत पाठवता का? पेशंटची नावं झाकून. सभेत मी ते स्वतः वाचून दाखवेन. आणि त्या मुलीचं कार्ड आलं का, तेही कळवा.

---

प्रेषक: संस्थेची सचिव, कुरखेडा तालुका

दादा, पानाची प्रत जोडली आहे. कार्ड गेल्या महिन्यात आलं. त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय.