नातवाचा दुधाचा दात हिरडीत आत गेलाय. काढायचा की थांबायचं?

कोथरूडची आजी

नातू सव्वादोन वर्षांचा. लेक-जावई दोघंही हिंजवडीला नोकरीला, म्हणून दिवसभर तो माझ्याजवळ असतो. मंगळवारी संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती, आमच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी शहाबादी फरशी ओली होती. मी दुधाची पिशवी सावरत कुलूप काढत होते, तेवढ्यात हात सोडवून पळाला आणि पायरीच्या कडेवर तोंडावर आपटला. रक्त इतकं की माझा पदर भिजला. त्याच पदराचा बोळा करून ओठाखाली दाबून धरला. दहा-बारा मिनिटांनी रक्त थांबलं, तेव्हा तोंड धुवून बघते तर वरचा पुढचा उजवा दात जागेवर नाही!

टॉर्च घेऊन सगळा जिना शोधला, दात मिळाला नाही. गिळला असेल या भीतीने रात्रीच दवाखाना गाठला. एक्स-रेत दिसलं, दात पडलेला नाही, सबंध आत रुतून बसलाय. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, आठवड्याने दाखवा.

विहीणबाई म्हणतात, काढून टाका, नाहीतर पक्का दात वाकडा येईल. शेजारच्या वहिनी म्हणतात, दुधाचाच तर आहे, पडणारच होता. मला दोन्ही पटत नाही. रुतलेला दात खरंच आपला आपण खाली येतो का? शिवाय पोर काही खात नाही, वरण-भात समोर धरला तरी तोंड फिरवतं. माझ्या हातात असताना पडला हो, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

मुलांची दंतवैद्य, धनकवडी

आजी, आधी हे ऐका: या वयात पुढचे दात दुखावलेली मुलं माझ्याकडे सतत येतात. पाय नुकते सुटलेले असतात आणि तोल अजून आलेला नसतो. लहान मुलाचं जबड्याचं हाड मऊ असतं, म्हणून दात मोडण्यापेक्षा हलतो, सरकतो किंवा असा आत जातो. तुम्ही दाबून धरलंत, दात शोधलात, रात्रीच दाखवलंत. जे करायला हवं होतं तेच केलंत.

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. आत गेलेला दुधाचा दात बहुतेक वेळा आपणहून खाली सरकतो. सहा महिने लागतात, कधी वर्षही. पक्क्या दाताचा कोंब दुधाच्या दाताच्या मुळामागे, टाळूच्या बाजूला असतो. मूळ त्या कोंबाच्या दिशेने गेलं असेल तर पूर्वी दात काढून टाकत. 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात, दिशा कुठलीही असो, आधी दाताला खाली यायला वेळ द्या. कोंबाला धक्का बसायचा तो पडतानाच बसलेला असतो, दात उपटून तो भरून निघत नाही. उलट त्या खटाटोपात आणखी इजा व्हायची भीती.

पण शेजारच्या वहिनींचंही ऐकू नका. पक्क्या पुढच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, चार-पाच वर्षांपर्यंत घडत असतं, म्हणून या माराचा पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग पुढे नव्या दातावर दिसू शकतो. म्हणूनच लक्ष ठेवायचं. आठवड्याने, मग सहा ते आठ आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने दाखवा. सहाव्या वर्षी, पक्के दात यायच्या सुमाराला, पुन्हा एकदा.

खाण्याचं म्हणाल तर गरम काही नको. गार पेज, दही-भात, कुस्करलेलं केळं द्या. बाटली आणि अंगठा जमेल तितका टाळा. ब्रश बंद करू नका, मऊ ब्रशने हळूच घासा. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कापसावर घेऊन दिवसातून दोनदा आठवडाभर लावायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. हिरडीवर पुटकुळी, सूज, पू किंवा ताप दिसला तर तारखेची वाट बघू नका. पडल्यानंतर उलट्या झाल्या किंवा मूल भलतंच पेंगुळलं, तर दात राहू दे, आधी डोक्याचं बघायचं.

सिंहगड रोडचा बाबा

आजी, माझी मुलगी तीन वर्षांची असताना सायकलवरून पडली. दात जागेवरच होता, पण तीन आठवड्यांत राखाडी झाला, पाटीच्या पेन्सिलीसारखा. प्रत्येक नातेवाईक म्हणायचा, रूट कॅनाल करा. आमच्या डॉक्टरांनी नुसत्या रंगासाठी हात लावला नाही. मी रोज रात्री मोबाइलच्या उजेडात हिरडी बघायचो. वर्षभरात राखाडी उतरून पिवळसर झाला आणि तसाच राहिला. साडेसात वर्षांची झाल्यावर त्या जागी पक्का दात आला. सरळ आहे, कडेला रव्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आहे, बस. तिला त्याची गंमत वाटते.

औंधची मावशी

मधेच विचारते. माझ्या भाच्याचा दुधाचा दात अख्खा हातात आला होता. दुधात ठेवून पळालो, तर डॉक्टरांनी बसवायला नकार दिला. मला अजून ते खटकतंय.

मुलांची दंतवैद्य, धनकवडी

मावशी, डॉक्टरांनी योग्य केलं. दुधाचा दात परत बसवत नाहीत, खालच्या कोंबाला इजा होते. दुधात ठेवून धावायचं ते पक्क्या दातासाठी. तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरायचा, मळला असेल तर घासायचा नाही, नुसता धुवायचा, आणि जमलं तर तिथल्या तिथे जागेवर बसवायचा. नाहीच जमलं तर दुधात घालून तडक डॉक्टर गाठायचा, जितक्या लवकर तितकं चांगलं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडला की तो दुधाचा नसण्याचीच शक्यता जास्त, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कोथरूडची आजी

सगळ्यांचे आभार. आज दहावा आठवडा. सकाळी तोंड धुताना ओठ वर केला तर हिरडीतून पांढरी कड डोकावतेय, तांदळाच्या कणीएवढी. बोटाला लागली. लेकीला ऑफिसात फोन लावला, तिला बोलताच येईना. हलणारा शेजारचा दात घट्ट झालाय. कालपासून पोळीचा पापुद्रा मागून खातोय. पुढची तारीख जानेवारीत आहे, आणि जिन्यापाशी आम्ही खरखरीत पायपुसणं टाकलंय.