मदत हवी आहे : पनीर म्हणून आलेल्या तेलकट मालाविरुद्ध टिकेल अशी तक्रार कशी करावी?

नमस्कार. जुळे सोलापूर भागात मी आणि माझ्या जाऊबाई मिळून एक छोटी खानावळ चालवतो. जेवायला बहुतेक बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले असतात आणि दर रविवारी त्यांच्यासाठी पनीरची भाजी होते. गेले दोन महिने ठोक विक्रेत्याकडून येणारे पनीर तव्यावर कितीही परतले तरी रबरासारखे चिवट राहते आणि रस्सा निवला की वर मेणचट थर धरतो. पिशवीवर फक्त ‘पनीर’ अशी चिठ्ठी असते. उत्पादकाचे नाव नाही, चौदा अंकी परवाना क्रमांकही नाही. विचारले तर, “ताई, सगळीकडे हेच जाते,” एवढेच उत्तर मिळाले.

टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून पाहिला, निळा रंग आला नाही. पण त्या चाचणीत केवळ पिष्ट कळते, वनस्पती तेल कळत नाही, त्यामुळे माझी शंका फिटलेली नाही. नियमानुसार पनीरच्या कोरड्या भागात दुधाची स्निग्धता किमान ५० टक्के असावी लागते. वनस्पती तेलाचा पर्यायी माल तसे स्पष्ट लिहून विकता येतो, मात्र तो पनीर म्हणून विकणे हा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चा भंग आहे; कमी दर्जाच्या मालासाठी पाच लाखांपर्यंत आणि खोट्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

माझी खरी अडचण पुढे आहे. कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, परंतु तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. मी तसे सांगितले, तर त्या दिवशी तो चांगलेच पनीर देईल, हे उघड आहे. मग अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करून, अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनीच त्याच्या गोदामातून नमुना घ्यावा अशी विनंती करणे योग्य ठरेल का? ते नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतात, त्यामुळे पुढे वाद झाला तरी पुरावा टिकतो, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे, विक्रेत्याने दिलेले बिल हीच कायद्यात मालाची हमी मानली जाते, आणि आमच्याकडे मात्र नुसत्या कच्च्या चिठ्ठ्या आहेत. उद्या आमच्याच स्वयंपाकघरातून नमुना घेतला गेला तर तो द्यायला आम्ही तयार आहोत, कारण मुलांच्या ताटात काय पडते ते आम्हालाही कळायलाच हवे. पण माल कुठून आला हे त्या चिठ्ठ्यांवरून सिद्ध होईल का?

ज्यांनी सोलापुरात किंवा अन्य जिल्ह्यात अशी तक्रार शेवटापर्यंत नेली आहे, त्यांनी अर्जात काय लिहिले आणि सोबत काय जोडले ते कृपया सविस्तर सांगावे. पुढचा माल शनिवारी येणार आहे. तोवर या विक्रेत्याचे पनीर आम्ही रांधायचे थांबवले आहे.