मदत हवी आहे : संडे स्कूलमधली मोठी मुलं

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी चर्चच्या संडे स्कूलमध्ये (रविवारच्या बायबल शाळेत) 13 ते 16 वयाच्या मुलांचा वर्ग घेते. लहानांचं दाविद-गल्याथ, योना या बायबलच्या गोष्टींवर आणि पाठांतराच्या वचनावर भागतं, यांचं नाही. मागच्या रविवारी एकीने विचारलं, "एवढी प्रार्थना करूनही आजी का गेली?" मी गप्प. ठरलेलं उत्तर द्यायची लाजच वाटली, खरं सांगायचं तर.

आता बायबलमधला निर्दोष असून दुःख सोसणारा ईयोब, स्तोत्र 88 (देवाकडे केलेला आक्रोश) आणि योहान 20 मधला, येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणारा थोमा घ्यायचं मनात आहे. पण स्तोत्र 88 अंधारातच संपतं, ते या वयाला झेपेल का? मार्कच्या शुभवर्तमानाचे (येशूच्या चरित्राचे) 16 अध्याय सलग वाचून कोणी चर्चा घेतली आहे का? आणि आईवडिलांना यात कसं ओढायचं? ते मुलांना दारात सोडून निघतात.