मदत हवी आहे: अॅल्युमिनियमच्या गळ्यातल्यात रिव्हेटभोवती पांढरी पूड येतेय

नमस्कार मंडळी, दागिने घडवायचं रीतसर शिक्षण काही नाही, चुकतमाकत शिकलेय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी 0.8 मिमीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून पाकळ्या कापते, कडा कानसीने घासते, अॅनोडाइज करून (म्हणजे आम्लात वीज सोडून पत्र्यावर ऑक्साइडचा कडक थर आणून) निळ्या-जांभळ्या डायमध्ये बुडवते आणि मग उकळत्या पाण्यात सील करते. अशा 23 पाकळ्या एकावर एक चढवून तांब्याच्या रिव्हेटने (भोकातून घालून टोक ठोकून बसवायची खिळी) जोडल्या आणि गळ्याभोवती बसणारी कॉलर केली. निळ्यावर तांब्याचे ठिपके, स्वतःच घालून आरशासमोरून हलवेना मला. मैत्रिणीने चार महिने वापरून परवा आणून दाखवली तर मानेकडच्या प्रत्येक रिव्हेटभोवती पांढरी पूड आणि ती नखाने खरवडली की खाली पत्र्याला बारीक बारीक खड्डे. पुढच्या पाकळ्या मात्र जशाच्या तशा. घामाचा प्रताप आहे हे कळतंय हो, पण घाम तर सगळ्या पाकळीला लागतो, मग बाकीचा रंग कसा टिकला?

क्लिअर लॅकर मारून झालं, पंधरा दिवसांत पापुद्रे निघाले. डाख द्यायचाही प्रयत्न केला, पत्रा लाल व्हायला लागला की थांबू म्हणून बघत बसले आणि तो लाल न होताच बसकण मारून मोकळा (660 अंशांना वितळतो आणि त्याआधी रंग बदलून सांगतही नाही, हे नंतर वाचलं). गोंद नकोच, पाकळ्या रिव्हेटवर हलल्या पाहिजेत, मान वळवली की सरकतात तीच तर मजा आहे.

आणि कृपया "चांदीत कर ना" सांगू नका. डच डिझायनर खेइस बाकरने 1967 मध्ये धुराड्याच्या पाइपवरून अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचीच कॉलर केली होती, स्विस दागिनेकार ऑटो क्युन्झलीने 1980 मध्ये सोन्याचा गोळा काळ्या रबराच्या बांगडीत कोंबून दिसेनासा केला, अॅल्युमिनियम ही काही गरिबाची चांदी नव्हे वगैरे भाषण मी घरी रोज देते. पण चार महिन्यांत पूड पडली की भाषणाची हवाच जाते ना.

प्रतिसाद:
दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी म्हणजे बॅटरीच झाली की ती. तांबं आणि अॅल्युमिनियमच्या जोडीत झिजणार अॅल्युमिनियमच. अॅनोडाइजचा थर वीज जाऊ देत नाही म्हणून बाकीची पाकळी वाचली. भोकं अॅनोडाइजच्या आधी पाडली की नंतर?

धागाकर्ती:
नंतर 😬 आधी पाडली तर सगळी भोकं जुळत नाहीत.

प्रतिसाद:
मग भोकाच्या आत कोरा पत्रा तांब्याला चिकटून बसलाय. आधी पाडली असती तरी रिव्हेट ठोकताना तो आत फुगतो आणि थराला तडे जातात, त्यामुळे तेवढ्यानं भागणार नाही. पितळ लावून बघू नका, तेच होईल.

दुसरा प्रतिसाद:
सगळ्यात सोपं म्हणजे रिव्हेटही अॅल्युमिनियमचेच. तांब्याचे ठिपके हवेच असतील तर भोक मोठं करून आत नायलॉनच्या नळीचा तुकडा घाला आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर, धातूला धातू कुठेच लागता कामा नये. ठोकताना हात हलका, वॉशर चेपला की पाकळी हलायची बंद.

धागाकर्ती:
वॉशर रिव्हेटच्या डोक्यापेक्षा लहान असेल तर दिसणार नाही ना? पण मग डोक्याची कड पाकळीला टेकेल.

दुसरा प्रतिसाद:
टेकेलच. वॉशर डोक्याबाहेर केसभर दिसूच दे, काळा घेतला तर मुद्दाम काढलेली रेघ वाटेल.

धागाकर्ती:
काळी रेघ! हे आवडलं. म्हणजे 23 पाकळ्या उघडणं आलं... आधी दोनच पाकळ्या जोडून मिठाच्या पाण्यात टाकते, शेजारी जुनी जोडीही ठेवते, महिन्याभराने दोन्हींचे फोटो टाकेन.