साठीनंतर सहाला ताट धुवायचं म्हणे!

अमळनेरची सून:
परवा इथे एकांनी लिहिलं, "साठीपुढच्या जाड माणसांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढंच खावं. काय खाता ते गौण, केव्हा खाता ते खरं." खाली लाइकच्या अंगठ्यांचा ढीग. मला राहवेना.

गौण? आमच्या सासऱ्यांनी हेच धरलंय. पावणेसहाला ताटावर बसतात: तर्रीवाली शेवभाजी, चार पोळ्या, वर दोन केळी. का, तर "आता उद्या दहापर्यंत काही नाही". सकाळची वरण-भाकरी सुटली, दहाला चहा-खारी. वजन उतरलं, सोयऱ्यांनी कौतुक केलं. आता ओट्यावरून उठताना गुडघ्यावर हात रेटतात. चरबी किती गेली आणि मांडीचं मांस किती, हे काटा सांगत नाही. या वयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती खारीतून येणार?

२०२२ चा चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास बघा. १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर. उष्मांक दोन्ही गटांना मोजूनच. एका गटाला शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ ची अट. अटवाल्यांचं ८ किलो गेलं, बाकीच्यांचं ६.३. संशोधकच म्हणाले, हा फरक ठोस नाही. आणि सरासरी वय बत्तीसच्या आसपास! ठरलेल्या तासांतच खाण्याच्या २०२० च्या अमेरिकेतल्या प्रयोगात तर ६४ च्या वरचं कुणी घेतलंच नव्हतं. तिथे ज्यांची नीट तपासणी झाली, त्यांच्या उतरलेल्या वजनात मांसाचाच वाटा मोठा निघाला. म्हाताऱ्यांना कशाला जुंपता यात?

भुसावळचे काका:
ती पोस्ट माझीच. वहिनी, तुमचे सासरे शेवभाजी ओरपतात हा घड्याळाचा दोष का? माझा पट्टा दोन भोकं आत आलाय. उपाशी पेशी स्वतःची घाण साफ करते, त्यावर २०१६ चं नोबेल आहे. वाचा जरा.

अमळनेरची सून:
जपानच्या ओसुमींना ना? त्यांनी ते यीस्टवर शोधलं. तुम्ही यीस्ट आहात का काका?

धुळ्याचा जैन:
चौविहार आमच्याकडे पिढ्यानपिढ्या. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. पण दिवस मावळायच्या आत जे फरसाण आणि तळण आत जातं, ते आमच्या गल्लीतल्या पोटांवर दिसतंच. मी धर्म म्हणून पाळतो, वजनासाठी नाही. कुणी हसू नका.

शिंदखेडाना भाऊ:
मना बाप रातले दोन वाजता भाकर खाये, त्यानं पोट कधी सुटनं नही. शेतातल्या मोटारीची लाइट रात्रपाळीला आली की आम्ही पाणी धरायला जातो. आधी लाइट दिवसा द्या, मग सहाला ताट धुवायचं सांगा. खुर्चीत बसणाऱ्यांचे चोचले सगळे!

जळगावकर:
मुळात कळण्याची भाकरी आणि भरीत खा, काही होत नाही. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, प्रथिनं आलीच की.

नंदुरबारची ताई:
भरीत? तुमच्याकडच्या भरीत पार्टीत वांग्याहून तेल जास्त असतं.

जळगावकर:
पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं बामणोदचं वांगं लाकडी बडगीत ठेचताना पाहिलंय का कधी? मिरची, लसूण, कांद्याची पात. तेल फोडणीपुरतं. हॉटेलातला लगदा खाऊन आम्हाला शिकवू नका.

नंदुरबारची ताई:
माहेर यावलचं आहे माझं. फोडणीपुरतं म्हणजे पळी की तांब्या, तेवढं सांगा.

भुसावळचे काका:
अहो, विषय काय, चाललंय काय!

चोपड्याची नर्स:
तेल राहू द्या. साखरेवर ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलतात. गोळी तीच, जेवण गायब. माझ्या काकूला पहाटे दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली. साखर पार खाली. काका, तुमच्या पोस्टमध्ये गोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती.

भुसावळचे काका:
घालतो ती ओळ. गोळ्यावाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, मान्य. "गौण" शब्दही काढतो, नाहीतर वहिनी झोपू देणार नाहीत. सहाची वेळ मात्र सोडणार नाही.

अमळनेरची सून:
तुमची तुम्ही पाळा हो. रात्री उठून फ्रीज उघडत नसाल तर ते चांगलंच आहे, एवढं देते तुम्हाला. सासऱ्यांना मात्र उद्यापासून सकाळी आठला वरण-भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. रुसले तर तुमचा नंबर देईन.

जळगावकर:
आणि ताई, पळी. लहान पळी.