शब्दचर्चा: राशीची ‘मिती’ आणि अवकाशाची ‘मिती’

पाटीपेन्सिल:
बी.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षासाठी भौतिकशास्त्राची मराठी टिपणं करतेय. ‘डायमेन्शनल ॲनालिसिस’पाशी, म्हणजे राशींच्या (वेग, बल अशा मोजता येणाऱ्या गोष्टींच्या) मिती जुळवून सूत्रं तपासण्यापाशी, गाडी अडलीय. या मुलांना मिती म्हटलं की द्विमितीय, त्रिमितीय एवढंच आठवतं. ‘वेगाची मिती लांबी भागिले काळ’ असं लिहिलं तर विचारतात, मिती म्हणजे आकडा ना, मग हा भागाकार कुठून आला? दुसरा शब्द आहे का?

आडवाट:
हिंदीत ‘विमा’ म्हणतात, ‘विमीय विश्लेषण’. आपल्याकडे वापरलात तर पोरं हप्ता विचारतील :)

एकपदी:
‘परिमाण’ तर अजिबात नको. ‘बलाला परिमाण आणि दिशा असते’ हे सगळे शाळेतच शिकून आलेत.

खडूधूळ:
मी मितीच ठेवीन. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून मिती, भूमितीतली तीच. अवकाशाची मिती ‘किती स्वतंत्र दिशा’ ते सांगते, राशीची मिती ‘कोणत्या जातीची राशी’ ते. ही दुसरी कल्पना फूरियेच्या १८२२ च्या उष्णतेवरच्या ग्रंथात आहे, म्हणजे गणितवाल्यांच्याच घरातली.

मुलांना लंबक द्या. आवर्तकालात (एका पूर्ण झोक्याच्या वेळात) लांबीचा घात अ, गुरुत्व त्वरणाचा ब, वस्तुमानाचा क धरा. दोन्ही बाजूंच्या मिती जुळवल्या की तीन रेषीय समीकरणं मिळतात: अ + ब = ०, −२ब = १, क = ० . वस्तुमान आपोआप गळतं आणि लांबी भागिले त्वरण याचं वर्गमूळ उरतं. पुढचा ‘दोन पाय’ (2π) मात्र असा मिळत नाही, त्याला विकल समीकरण सोडवावंच लागतं.

आता लांबी, वस्तुमान, काळ या क्रमाने घात लिहा. वेग (१, ०, −१), बल (१, १, −२). राशींचा गुणाकार केला की घातांची बेरीज होते. घात परिमेय चालतील असं म्हटलं की यांत्रिकीतल्या सगळ्या मितींचा मिळून एक सदिश अवकाश (व्हेक्टर स्पेस) झाला, आणि त्याची मिती ३! मुलांचे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आले.

पाटीपेन्सिल:
हे झकास आहे, उचलते. पण एककाचं काय? मुलं ‘मीटर प्रति सेकंद’लाच मिती म्हणतात.

खडूधूळ:
मीटरचे फूट केले की आकडा बदलतो, मिती तीच राहते. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळापाशी गमावलं ते यातच. एक संगणकप्रणाली आवेग पौंड-बल-सेकंदांत देत होती, दुसरी तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरून चालली होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा, आणि मिती दोन्हीकडे एकच, त्यामुळे मिती तपासूनही चूक हाती लागली नसती.

एकपदी:
‘जात’ शब्द सैल वाटतो. टॉर्क आणि ऊर्जा यांची मिती एकच, पण एक सदिश, दुसरी अदिश. त्यांची बेरीज कोण करील?

खडूधूळ:
मान्य. मिती वेगळी असेल तर बेरीज नाहीच. सारखी असली म्हणून चालेलच असं नाही. टिपणात हेच लिहा.

आडवाट:
अजून एक. गणितवाले ‘साइन ट’ बिनधास्त लिहितात. ट जर सेकंदांत असेल तर श्रेणी मांडायला लावा: ट वजा ट-घन भागिले सहा... सेकंदांतून घन-सेकंद वजा करताना पेन थांबतं, मग ट ला गुणणारा ओमेगा (कोनीय वारंवारता) कशाला लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही.